साहेब येईपर्यंतचं गाणं

माझ्या सासऱ्यांनी एखादं गाणं शेवटपर्यंत म्हटलंय, असं मी लग्नानंतर कित्येक वर्षं ऐकलं नव्हतं. आणि ते शेवटपर्यंत जाऊ नये म्हणून स्टेजवर एक माणूस खास उभा केलेला असायचा. तो मी.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मी पनवेल गावातला, शाळेत भूगोल शिकवतो, आणि स्वभाव असा की वर्गात कुणीही काच फोडली तरी अपराधी मलाच वाटतं. अशा माणसाचं लग्न एका आगरी घरात झालं, जिथे अपराधी वाटून घ्यायला कुणालाच सवड नव्हती. कारण घराचा बँड होता. लाल कोट घालून वरातीत चालणारा नव्हे, बेंजो पार्टी. टाइपरायटरसारखी बटणं असलेला विजेवरचा बेंजो, ढोलकी, झांजा, कॅशिओ आणि आपल्या मुलखातली गाणी. हळद, बारसं, क्रिकेटचे सामने, सभामंडपाचं भूमिपूजन, गटाराचं लोकार्पण. जिथे मांडव पडला तिथे आम्ही.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा आता थकलेत, पण तेव्हा त्यांचा एक नियम कुणाला मोडता येत नसे: पार्टीत बाहेरचा माणूस घ्यायचा नाही. थोरला मुलगा बेंजोवर, सून कॅशिओवर, मामी झांजांवर, माझी बायको साथीच्या गळ्याला आणि मामा स्वतः ढोलकी वाजवत गायला. आमच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा माझ्या वडिलांनी माझी नोकरी, पगार, घर सगळं सविस्तर सांगितलं. मामांनी ते ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुमी वाजवता काय?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुलगा व्यसनी निघाला असता तरी त्यांनी यापेक्षा बऱ्या नजरेनं पाहिलं असतं. "शिकंल," मामी मधे पडून म्हणाल्या. माझं लग्न मामींच्या त्या एका शब्दावर झालं.

मी शिकलो नाही. लग्नानंतर मामांनी मला ढोलकी दिली, ती पंधरवड्यात काढून घेतली. झांजा दिल्या, मामींनी स्वतः येऊन त्या मागून नेल्या. शेवटी एके दिवशी मामांनी पाटावर बसवून, जावयाला कपडे करतात तशा थाटात, माझ्या हातात खुळखुळा ठेवला. "यो तुमच्या मानाचा," ते म्हणाले. "यात चूक झाली तरी कलत नाय."

पार्टीच्या टेम्पोवर एक मोठा बॅनर होता. त्यावर सगळ्या घराचे फोटो होते. मामांचा गॉगल लावलेला, मेव्हण्याचा बेंजो छातीशी धरलेला. माझा फोटो कोपऱ्यात, लग्नाच्या अल्बममधून कापलेला. त्यामुळे कपाळावर मुंडावळ्या तशाच. शाळेतली मुलं तो टेम्पो दिसला की मला "सर, शुभमंगल" म्हणून नमस्कार करायची.

आता आमच्या कामाचं स्वरूप सांगतो. लोकांना वाटतं बँडला गाण्यासाठी बोलावतात. आम्हाला साहेब येईपर्यंत बोलावत. कार्यक्रम पाचचा असला की साहेब सातला येतात हे आमच्याकडे लहान मूलही जाणतं. पण पाचला मांडवात खुर्च्या लागतात आणि माणसं येऊन बसतात, आणि बसलेली माणसं फार वेळ नुसती ठेवली की ती आपापसात बोलू लागतात, गटाराचं काम खरंच झालं का वगैरे. तसं होऊ नये म्हणून आम्ही. साहेबांची गाडी दिसली की गाणं थांबलं पाहिजे, त्याच ठोक्याला. कारण लगेच फटाके, तुतारी, निवेदकाचं "आपल्या सर्वांचे लाडके", मग शाल, श्रीफळ आणि मांडवातल्या प्रत्येक जिवंत माणसाचा सत्कार. त्यानंतर आम्हाला कुणी विचारत नसे. जेवायला मात्र आवर्जून बसवत.

मला याची फार चीड येई. पहिल्या वर्षी मी मामांना म्हणालोसुद्धा, "मामा, हा कलेचा अपमान आहे."

मामांचे वाडवडील मिठागरावर राबलेले. ते म्हणाले, "जावयबापू, पानात मीठ कुठं वाढतात?"

"कोपऱ्यात."

"आनि कवा वाढतात?"

"सगळ्यात आधी."

"मंग? आपन मीठ हाव. कोपऱ्यात तर कोपऱ्यात. पन पयले आपन."

हे त्यांचं आवडतं वाक्य. कुणी अपमान केला की ते मीठ होत. पुढाऱ्यांबद्दल त्यांचं मत वेगळंच होतं. त्यांना राग नव्हताच. "भरती बरी," ते म्हणायचे, "तिची वेल तरी म्हायती असते."

तर साहेबांची गाडी दिसली की गाणं थांबवायचं, आणि ती सगळ्यात आधी दिसावी म्हणून मला स्टेजच्या कडेला, रस्त्याच्या बाजूला उभं करत. बाकी सगळे वाजवण्यात गुंतलेले. मीच एक मोकळा. गाडी दिसली की मी खुळखुळा डोक्यावर धरायचा, की सगळं घर पुढच्या ठोक्याला गप्प. मेव्हणा म्हणायचा, "भावजी, आमी वाजवतो, पन पार्टी तुमी चालवता." त्याला ते कौतुक वाटायचं. मला रात्री झोप लागायची नाही.

इतर वादक वाजवण्याचा सराव करतात. आमच्या घरात थांबण्याचा सराव व्हायचा. संध्याकाळी हॉलमधले सोफे भिंतीला सरकवून सगळे गोल बसत. त्याच वेळी मामी स्वयंपाकघरात कुकर लावत. गाणं सुरू होई. कुकरची शिट्टी म्हणजे साहेब. शिट्टी झाली की जिथे असू तिथे थांबायचं, अर्ध्या शब्दावर सुद्धा. जो एक ठोका जास्त वाजवील त्याला त्या दिवशी डाळ शेवटी मिळे. मामी स्वतः झांजा घेऊन बसलेल्या असत, त्यामुळे कधी कधी डाळ करपायची. पण थांबणं असं बिनचूक झालं होतं की आजूबाजूच्या पार्ट्यांमध्ये त्याचा दबदबा होता. "त्यांच्यासारखी गानारी लय हायत," लोक म्हणत, "पन त्यांच्यासारखी थांबनारी नाय."

या कीर्तीला एकदाच धक्का बसला. एका हळदीला आम्ही गात होतो. साहेब वगैरे कुणी येणार नव्हते, घरचाच कार्यक्रम. नवरदेवाला हळद लागत होती, बायका नाचायला उठल्या होत्या, आणि मांडवामागे आचाऱ्यानं भला मोठा कुकर लावला होता. शिट्टी झाली. आमचं सगळं घर दगडासारखं थांबलं. नाचणाऱ्या बायकांचे हात वरच राहिले. नवरदेवाचा बाप घाबरून उठला आणि मांडवाच्या दाराकडे धावला. "कोन आला? कोन साहेब आला?" दार मोकळं. तोवर दुसरी शिट्टी झाली. मामांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही मामांकडे. मग त्यांनी माइकला तोंड लावून गंभीरपणे सांगितलं, "भात झाला." आणि गाणं पुढे चालू केलं, ते पंगत बसेपर्यंत.

दुसरा प्रसंग बैलाच्या वाढदिवसाचा. शर्यतीचा बैल होता, मालकानं गावभर फ्लेक्स लावले होते, त्यावर बैलाला शुभेच्छा देणाऱ्या माणसांचे फोटो बैलापेक्षा मोठे. प्रमुख पाहुणा कोण, हा प्रश्न मी मालकाला विचारला, कारण खुळखुळा कुणासाठी वर करायचा हे मला कळायला हवं होतं. "परमुख पावना म्हंजे बैलच," मालक म्हणाला. मी प्रामाणिकपणे बैल आल्यावर खुळखुळा वर केला. गाणं थांबलं. बैलही थांबला, मांडवाच्या तोंडाशी. केक समोर, ओवाळायला बायका उभ्या, पण बैल पाऊल टाकीना. चुचकारून झालं, शेपटी पिरगाळून झाली. शेवटी मामांनी ढोलकीवर थाप मारली आणि गाणं सुरू केलं, तसा बैल डुलत डुलत आत आला आणि पुढची तीन कडवी उभा राहून ऐकत राहिला. मामा त्या दिवशी घरी येताना टेम्पोत ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते. मग एकदम म्हणाले, "एवढे चीफ गेस्ट झाले. उभा ऱ्हावून आयकनारा यो पयला."

आता ते गाणं कुठलं, ते सांगायला हवं.

मामांची आई धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात भटजींच्याही आधी तिला मान. सगळे विधी ती गाण्यांतून करते. तिनं आपल्या गावाचं एक गाणं रचलं होतं, हळदीच्या आवतणाचं. खाडीच्या बांधापासून सुरू होऊन गाणं गावातल्या प्रत्येक घरी जातं, एका घराला एक कडवं, आणि डोंगराच्या पायथ्याशी शेवटचं घर आलं की संपतं.

*खाडीच्या बांधाला पयला घर गो,*
*दारान शेवग्याचं झार,*
*तुमाला आवतन हलदीचा गो,*
*उगरा तुमचा दार.*

प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाच्या दारात विहीर, कुणाचा भाताची उडवी रचायचा माच, कुणाच्या ओटीवर जाळं विणत बसलेला म्हातारा. मामा कुठल्याही कार्यक्रमाला हेच गाणं लावत, कारण त्यांच्या मते दुसरी गाणी करमणुकीची, हे कामाचं.

ते गाव आता नाही. विमानतळाखाली गेलं. माणसं रस्त्याच्या अलीकडे नव्या वसाहतीत आली. प्लॉट आणि खोल्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या, त्यामुळे कोण कुणाच्या शेजारी याला काही अर्थ उरला नाही. खाडीकडच्या खालच्या आळीतली माणसं तिसऱ्या मजल्यावर आणि डोंगराकडच्या वरच्या आळीतली तळमजल्याला, असा प्रकार झाला. जुनं गाव जसंच्या तसं राहिलं ते फक्त मामांच्या गाण्यात. आणि त्या गाण्यात साहेब पाचव्या-सहाव्या घराशी येत.

त्यामुळे खालच्या आळीला फार माज चढला. जिल्ह्यातल्या प्रत्येक मांडवात त्यांची घरं गाजत होती. शेवग्याच्या झाडाचा मालक तर स्वतःची ओळखच "गान्यातला" अशी करून द्यायचा. वरच्या आळीच्या वाट्याला आजवर एक अक्षर आलं नव्हतं. शेवटी त्यांचं शिष्टमंडळ मामांकडे आलं. चहा झाला. म्होरक्या म्हणाला, "दादूस, आमची घरं काय चोरीची होती काय? कवातरी आमच्या बाजूनं सुरू कर."

"गाना पान्याच्या बाजूनं सुरू व्हतं," मामा म्हणाले.

"मंग रोटेशन कर. सरपंचपदाला असतं तसा. एक कार्यक्रम खालून, एक वरून."

"भरती डोंगराकडून येते काय?"

"मंग भरभर म्हन!" मागून एक तरुण ओरडला.

मामांनी कप खाली ठेवला. "पोरा, आवतन द्यायला घरान जातो तवा दारातूनच पलतोस काय? बसतोस ना? पानी पितोस ना? मंग?" शिष्टमंडळ उठलं. जाताना म्होरक्या म्हणाला तो टोमणा मामांना लागला. "खरा हाय. तुजा सोताचा घर तिसरा हाय ना. मंग तुला काय घाई?"

खरी गोम तिथेच होती. आईनं रचलेल्या गाण्यात मामांचं घर नव्हतंच. मामा लग्न झाल्यावर मिठागराजवळ वेगळे राहायला गेले, तेव्हा त्यांनी स्वतःच एक कडवं रचून तिसऱ्या जागी घातलं. आणि शेवटचं घर, डोंगराखालचं, ते त्यांच्या आईबापांचं. तिथे मामांचे मोठे भाऊ राहत. आम्ही त्यांना थोरले काका म्हणतो. थोरले काका पूर्वी याच पार्टीत ढोलकी वाजवायचे. मग एका कार्यक्रमानंतर त्यांनी ढोलकी गळ्यातून काढून मामांच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुजा घर तिसरा घातलास. आयबापाचा शेवटी ठेवलास, कदी येऊ नाय म्हनून." मामा म्हणाले, "ते आयनंच शेवटी ठेवलाय." थोरले काका म्हणाले, "आयनं शेवटी ठेवला, तू येऊ देत नायस." तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही.

पण थोरले काका कार्यक्रमाला मात्र येत. प्रत्येक कार्यक्रमाला. निमंत्रण असो नसो, पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून बसत. मामा गाणं सुरू करत, एकेक घर घेत पुढे जात, मी खुळखुळा वर करी, गाणं तुटे. मग थोरले काका उठत, कुणाकडेही न बघता "नाय आला" एवढं म्हणत आणि निघून जात. हे मी किती वेळा पाहिलं असेल! लोक हसायचे. मीही पहिल्यांदा हसलो होतो. नंतर माझ्या लक्षात आलं की हा माणूस अपमानाची खात्री करून घ्यायला येत नाही. तो आशेनं येतो. आणि दर वेळी ती आशा माझ्या हातानं तुटते.

मी बायकोपाशी हे बोललो. ती म्हणाली, "मग नको ना वर करू खुळखुळा."

"आणि साहेब?"

"साहेबांचं काय? ते स्वतःच्या पायांनी येतात ना?"

बायकोला सगळं सोपं वाटतं. मला नाही वाटत.

मग नव्या वसाहतीच्या कमानीचं उद्घाटन ठरलं. नळाला अजून पाणी धड येत नव्हतं, पण कमान झाली होती. कमानीवर साहेबांचं नाव मोठं, त्यांच्या कैलासवासी वडिलांचं मध्यम, आणि गावाचं नाव उरलेल्या जागेत. मांडव कमानीला लागूनच. सारा गाव आलेला, खालची आळी आणि वरची आळी, आपापल्या जुन्या सवयीनं दोन बाजूंना बसलेली. थोरले काका पहिल्या रांगेत.

मामांनी वेळेवर गाणं सुरू केलं. शेवगा झाला. जाळं विणणारा म्हातारा झाला. तिसरं, मामांचं स्वतःचं घर आलं, तेव्हा थोरल्या काकांनी तोंड फिरवलं. पाचवं झालं, सहावं झालं. मी रस्त्याकडे डोळे लावून उभा. गाडी नाही. निवेदकानं मधेच येऊन माइक घेतला, "साहेब कळंबोलीपर्यंत आलेले आहेत, कलाकारांनी कार्यक्रम चालू ठेवावा." सातवं घर. आठवं. मेव्हण्यानं बेंजोवरून माझ्याकडे पाहिलं. इतक्या पुढे तो कधी वाजवत आलाच नव्हता. पुन्हा निवेदक. "साहेब कळंबोलीलाच आहेत, ट्रेलर आडवा झालेला आहे."

"साहेब कलंबोलीला प्लॉट बगतायत काय रं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा मांडव हसला.

आणि मग गाणं वरच्या आळीत शिरलं.

हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मामा गात गेले, दारातली पायरीची विहीर आली, आणि उजव्या बाजूला बसलेली एक म्हातारी एकदम ताठ झाली. "माजी हीर," ती म्हणाली. शेजारणीला तिनं कोपरानं ढोसलं. "माजी हीर गो!" पुढचं कडवं आलं तसा मागे एक माणूस उभा राहिला, जणू हजेरी लागली. मग रांगच लागली. घर येई तसं कुणीतरी उठे. कुणी डोळे पुसत होतं, कुणी पोराला सांगत होतं की ऐक, आपलं आहे. चहा घेऊन उभा असलेला तो शिष्टमंडळाचा म्होरक्या पेला कलंडला तरी तसाच उभा होता. खालची आळी पहिल्यांदाच गप्प होती. शेवग्याचा मालक अस्वस्थ होऊन इकडेतिकडे बघत होता; गावात इतकी घरं असतील अशी त्याची कल्पनाच नव्हती.

अर्थात तक्रारीही आल्याच. "माजी म्हैस काली नव्हती, भुरी व्हती!" एक जण ओरडला. मामांनी ढोलकी न थांबवता मान हलवली आणि पुढच्या ओळीत म्हैस भुरी केली.

मामांचा घसा बसत चालला होता. घाम गॉगलखालून वाहत होता. शेवटच्या घराआधीचं कडवं सुरू झालं. मी थोरल्या काकांकडे पाहिलं. त्यांचे हात काठीवर नव्हते, गुडघ्यांवर होते. काठी खाली पडली होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

त्याच वेळी मला रस्त्यावर पांढऱ्या गाड्यांची रांग दिसली.

मी अगदी प्रामाणिकपणे लिहितो आहे. माझा उजवा हात आपणहून वर निघाला. इतक्या वर्षांची सवय. मी तो डाव्या हातानं धरला, खाली ओढला आणि खुळखुळा पाठीमागे पँटच्या पट्ट्यात खोचून टाकला. माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेली ही एकमेव बेशिस्त. माझी बायको गाता गाता माझ्याकडे बघून हसली.

मामांनी शेवटचं कडवं उचललं. "डोंगराच्या पायाला शेवटचा घर गो..." आणि कमानीखाली फटाक्यांची माळ पेटली.

साहेबांच्या स्वागताची माळ म्हणजे साधी नव्हे. कमानीच्या दोन्ही खांबांवरून सोडलेली. तिचा आवाज सुरू झाला आणि त्यात सगळं बुडालं. मामांचे ओठ हलत होते. मेव्हण्याची बोटं बेंजोवर नाचत होती. मामी झांजा वाजवत होत्या. आमचं सगळं घर पहिल्यांदाच थांबलं नव्हतं, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मध्येच निवेदकानं माइक काढून घेतला. धूर निवळला तेव्हा मामा ढोलकीवर शेवटची थाप मारून थांबलेले होते, आणि साहेब हात जोडून स्टेजवर चढत होते. गाणं पूर्ण झालं होतं. ते कुणीही ऐकलं नव्हतं.

शाल-श्रीफळ सुरू झालं. आम्ही सामान घेऊन मांडवाच्या मागे आलो. मामा एका रिकाम्या क्रेटवर बसले. त्यांनी गॉगल काढला. मला आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती. मला वाटत होतं, हात वर केला असता तर निदान गाणं नेहमीसारखं तुटलं असतं, असं वाया तरी गेलं नसतं.

तेवढ्यात कनातीचा पडदा सरकवून थोरले काका आत आले. काठी नव्हती. मामांसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा इतक्या जवळ.

"मना आयकू नाय आला," ते म्हणाले. "परत म्हन."

मामांनी वर पाहिलं. मामींनी पटकन एक खुर्ची पुढे सरकवली. थोरले काका बसले. मामांचा घसा पार बसला होता. त्यांनी ढोलकी न घेता, नुसतं मांडीवर हातानं ताल धरत, बोलल्यासारखं म्हटलं:

*डोंगराच्या पायाला शेवटचा घर गो,*
*पुढल्या दारी चाफा...*

"थांब," थोरले काका म्हणाले. "चाफा पुढल्या दारी?"

"पुढल्या दारी."

"चाफा मागल्या दारी व्हता. पुढं तुलस."

"तुलस पुढंच व्हती. तिच्या बाजूला चाफा. आय फुलं तिथंच येचायची."

"आय फुलं मागं येचायची! हिरीच्या वाटंवर!"

"दादा, मी जन्मलो त्या घरान!"

"तू जन्मलास. मी ऱ्हायलो."

"म्हनून काय चाफा मागं जातो?"

"मागंच व्हता तो! मी सोता पानी घातलाय त्याला!" थोरले काका खुर्चीतून उठले. "चल. आता चल. डोल्यान दाखवतो."

"चल!" मामाही उठले. "आता काय ते व्हऊनच जाऊ दे. बगू कुठं हाय तो."

पलीकडे साहेबांचं भाषण सुरू झालं होतं. विकासाची गंगा आपल्या दारी आली आहे, असं ते स्पीकरवरून सांगत होते. दोघं म्हातारे एकमेकांचा दंड धरून पडद्यापर्यंत गेले. आणि मी, भूगोलाचा शिक्षक, काहीतरी उपयोगी पडावं म्हणून खिशातून किल्ली काढून म्हणालो, "मी गाडी काढतो."

दोघंही थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. घर होतं तिथे आता विमानतळ होता. मेव्हणा खाली बघून बेंजोची वायर गुंडाळू लागला. मी किल्ली परत खिशात ठेवली.

थोरले काका सावकाश खुर्चीकडे परत आले आणि बसले. मामा क्रेटवर बसले. स्पीकरवरचं भाषण चालूच होतं.

"म्हन," थोरले काका म्हणाले.

मामांनी माझ्या बायकोकडून ढोलकी मागून घेतली, मांडीवर आडवी ठेवली, आणि बसलेल्या घशानं पुन्हा डोंगराच्या पायथ्यापासून सुरुवात केली. त्या कडव्यात त्यांनी चाफा दोन्ही दारी लावला.